निळ्या पट्ट्यांचा घोडा

वर्ना गेरहार्ट जिना चढून वर आली तेव्हा तिच्या हातात बुटांचा खोका होता. लुथरला वाटलं, बाई मजला चुकली.

"बुटांचं दुकान खाली आहे, बाई," तो म्हणाला. "बदलून देतात ते. पावती मात्र हवी."

"मला बूट नकोत." तिने खोका टेबलावर ठेवला आणि झाकण काढलं. "माझ्या मुलीचा घोडा चोरीला गेलाय. आणि चोरानं त्याच्या जागी हा ठेवून दिलाय."

बर्था डिट्रिखने आपला कॉफीचा कप बाजूला सरकवला. रेडिंग गावात खासगी तपासाचा धंदा करणारी ती एकटीच बाई. त्याआधी तेवीस वर्षं ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. माणसं काय बोलतात यापेक्षा कुठे गप्प बसतात यावर जास्त लक्ष ठेवावं, हे ती तिथेच शिकली. लुथर तिच्या थोरल्या बहिणीचा नवरा. बहीण जाऊन दोन वर्षं झाली होती. बर्थाला गाडी चालवता येत नव्हती आणि लुथरला घरी एकट्याने बसवत नव्हतं, एवढ्यावरच ही भागीदारी चालली होती.

खोक्यात कागदाच्या बिछान्यावर एक लाकडी घोडा निजला होता. वीतभर उंच, तपकिरी, पाय सांध्यातून वळणारे, कान चामड्याचे, डोळे रंगवलेले. पाठीवर गोल कोपऱ्यांची फळी. सर्कशीतली पोरगी उभी राहते ना, तिच्यासाठी.

"छान आहे की," लुथर म्हणाला.

"छानच आहे. माझा नवरा हेच गोळा करतो. सर्कशीतले घोडे, फिलाडेल्फियातल्या जुन्या कारखान्याचे. काचेच्या डोळ्यांचे, रंगवलेल्या डोळ्यांचे, कोरलेल्या आयाळीचे, कापडी आयाळीचे. एकोणचाळीस आहेत घरात. त्यातला एकच माझा होता."

"आणि तो कसा होता?" बर्थाने विचारलं.

"असाच. पण अंगभर निळे पट्टे." वर्नाने हातमोजे काढले, पुन्हा घातले. "आमच्या आर्लीननं ओढलेले. सर्कशीच्या सेटमध्ये झेब्रा नव्हता, म्हणून तिनं घोड्याचा झेब्रा केला. एल्मर तेव्हा स्वयंपाकघरातल्या खुर्च्या रंगवत होता, त्याच्याच डब्यात बोट बुडवून. सहा वर्षांची होती. पुढच्या उन्हाळ्यात ताप आला आणि चार दिवसांत गेली. पोलिओ."

लुथरने घोड्याकडे बघणं सोडून दिलं.

"डॉक्टरांनी तिचं सगळं जाळायला सांगितलं. कपडे, बाहुल्या, अंथरूण. तेव्हा सगळीकडे तसंच करायचे. घोडा कोठीच्या कपाटाखाली गेला होता, म्हणून राहिला. एकतीस वर्षं झाली. तिच्या वाढदिवशी मी तो काढते, टेबलावर ठेवते, संध्याकाळी परत ठेवते. त्या पट्ट्यांत तिच्या बोटांचे ठसे आहेत, बर्थाबाई. बोट ठेवलं की कळायचे. यंदा चौदा ऑक्टोबरला कपाट उघडलं, तर मागच्या रांगेत हा उभा."

"त्याआधी शेवटचा कधी पाहिला होतात?"

"गेल्या चौदा ऑक्टोबरला. मधे मी कपाट उघडत नाही. ते एल्मरचं."

"एल्मर काय म्हणतात?"

वर्ना जराशी हसली, पण त्या हसण्यात काही राम नव्हता. "म्हणतो, कुणीतरी बदलला असेल. संपलं. त्याला त्या घोड्याची लाजच वाटायची. एवढ्या देखण्या घोड्यांत हा रंग फासलेला. म्हणून मागच्या रांगेत कोंबला होता त्यानं. एकतीस वर्षांत तिचं नावसुद्धा घेतलं नाही कधी." ती उठली. "हा कितीका महाग असेना, मला नको. माझा मला आणून द्या."

*

"सरळ आहे," गाडी सुरू करताना लुथर म्हणाला. "आंधळा चोर."

"काय दाजी, चोर आंधळा असता तर बरोबर त्याच जागी, त्याच जातीचा घोडा ठेवला असता?"

"मग वेडा चोर."

"वेडा कसला? दान करून गेला बिचारा," बर्था म्हणाली. "रस्त्याकडे बघा."

गेरहार्टांचं घर कुट्झटाउनच्या अलीकडे, मक्याच्या कापलेल्या शेतांमध्ये होतं. दाराला कुलूप नव्हतं. त्या भागात दिवसा कुणीच लावत नाही.

एल्मर गेरहार्ट हा सत्तरीचा सुतार, उंच आणि वाकलेला. धंदा सोडून पाच वर्षं झाली तरी चपटी पेन्सिल अजून कानामागे. त्याने पाहुण्यांना बसा म्हटलं आणि स्वतः उभाच राहिला. कपाट त्यानेच बनवलेलं होतं, अक्रोडाच्या लाकडाचं, खिडकीसमोर. पुढच्या रांगेतले घोडे दिमाखदार होते. लुथरच्या लक्षात आलं की त्यांची खिडकीकडची बाजू दुसरीपेक्षा फिकट झालीय. मागच्या रांगेत एक जागा मोकळी होती.

बर्थाने खोका उघडून नवा घोडा मधल्या मेजावर ठेवला, अगदी एल्मरच्या हाताजवळ.

"कुणावर संशय आहे तुमचा?"

"नाही."

"घरी कोण कोण येऊन गेलं?"

"वाढदिवसाच्या आधीच्या रविवारी घोडेवाल्यांची बैठक होती. अकरा जण. क्लॅरेन्स फेन्स्टरमाखर तर नेहमीच येतो."

"पोलिसांना कळवायचं का?"

"नको." हे मात्र त्याने चटकन म्हटलं. "खेळणं गेलं म्हणून पोलीस कशाला?"

"खेळणं," वर्ना स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. "ऐकलंत ना?"

एल्मर खिडकीबाहेर बघत राहिला. घोडा त्याच्या हाताशी तसाच उभा होता.

बर्थाने घोडा उचलला. उजेडात धरून डावा कान चिमटीत घेतला, मग उजवा. एकेक पाय मागेपुढे वळवून पाहिला. डाव्या मागच्या पायाशी थांबली आणि लुथरला जवळ बोलावलं.

"दाजी, या सांध्यात काय दिसतंय?"

लुथरचा चष्मा गाडीत राहिला होता. पाय वळवल्यावर आतल्या खाचेत एक काळपट बारीक रेघ दिसत होती. "मळ," तो म्हणाला.

"असेल," बर्था म्हणाली. मग ती स्वयंपाकघरात गेली, वर्नाशी गप्पा मारता मारता एक पांढरी खुर्ची उचलली आणि चक्क उलटी केली.

"अगं बर्था," लुथर म्हणाला, "लोकांच्या घरात आहोत आपण."

"किती वेळा रंगवल्यात या खुर्च्या, वर्नाबाई?"

"चार वेळा. हिरव्या, पिवळ्या, आता पांढऱ्या. बुडाला मात्र नंतर कधी हात लावला नाही त्यानं. का?"

"सहज." बर्थाने खुर्ची सरळ केली. "आर्लीन घोडा कसा धरायची?"

वर्नाने हात पुसले. हे कुणी कधी विचारलंच नव्हतं. "कानानं," ती म्हणाली. "डाव्या कानाला धरून लोंबकळत न्यायची घरभर. तो कान एका धाग्यावर राहिला होता शेवटी. मी दरवर्षी म्हणायची, पडेल एक दिवस."

*

क्लॅरेन्स फेन्स्टरमाखर पूर्वी पोस्टमास्तर होता आणि अजूनही खिडकीतून बोलत असल्यासारखा बोलायचा.

"तो निळ्या पट्ट्यांचा? मी चोरीन? फुकट दिला तरी दाराबाहेर ठेवीन. रंग फासला की घोडा मेला, बाई. आमच्यात तो मोजत नाहीत."

"मोजत नाहीत म्हणजे?"

"म्हणजे असं." त्याने सात बोटं वर केली. "तपकिरी अंग, रंगवलेले डोळे, फळीचे कोपरे गोल. कारखाना बुडायच्या आधी थोडेच निघाले. आज सात आहेत. कोणता कुणाकडे ते मी झोपेत सांगेन. एल्मरचा आठवा, पण तो बाद. मी स्वतः अकरा वर्षं शोधतोय, एक मिळत नाही."

बर्थाने खोक्याचं झाकण काढलं. क्लॅरेन्स खुर्चीतून उठला. त्याने घोडा दोन्ही हातांत घेतला, श्वास रोखून. एकदा उलटा केला, एकदा सरळ. पाय मागे वळलेला होता, तो त्याने सवयीने सरळ केला.

"कुठून आणलात?"

"तेच शोधतेय. त्या सातांतला एखादा हरवलाय का, एवढं विचारून सांगाल?"

त्याने तिथल्या तिथे सात फोन लावले. पाऊण तास गेला, लुथरने तोवर बशीभर प्रेट्झेल बिस्किटं संपवली आणि मीठ कमी आहे असं मनातल्या मनात म्हटलं. शेवटचा फोन ठेवून क्लॅरेन्स म्हणाला, "सातही जागच्या जागी आहेत. म्हणजे हा नवाच निघाला. चमत्कार आहे. बाई, हा विकायचा झाला तर आधी मला—"

"विकायचा नाही," बर्था म्हणाली.

*

"आता घोड्यांच्या डॉक्टरकडे," गाडीत बसल्यावर ती म्हणाली. "आणि एक लक्षात ठेवा, दाजी. तिथे पट्ट्यांचं नाव काढायचं नाही. आर्लीनचंही नाही."

"का?"

"सांगते मागून."

अमॉस राइनर्ट म्हणजे खेळण्यांचा दुरुस्तीवाला, पंच्याऐंशीचा, एका पडवीत बसायचा. जुन्या हातमोज्यांच्या चामड्याचे कान, घोड्याच्या खऱ्या केसांची शेपटी, कापसाचे बोराएवढे बोळे. खिळ्याला कामांच्या जुन्या चिठ्ठ्या टोचलेल्या होत्या. बर्था बोलत होती तोवर लुथरने चष्मा लावून त्या वाचल्या. 'शेपूट लाव — श्मिट.' 'डोळा गेला, दुसरा बघ — मिसेस योडर.' 'पहिल्यासारखा कर.' या शेवटच्या चिठ्ठीवर नाव नव्हतं. अक्षर जाड, पेन्सिलीचं, रेघा रुंद.

"नावाशिवाय कळतं तुम्हाला?" लुथरने विचारलं.

"चेहरा आठवतो. घोड्याचा." म्हातारा हसला. "माणसं फार लिहीत नाहीत, तेच बरं. पहिल्यासारखा कर म्हटलं की मला कळतं काय करायचं."

बर्थाने घोडा त्याच्यापुढे ठेवला. म्हाताऱ्याचा अंगठा न बघताच डाव्या कानावर गेला.

"हा आलाय का तुमच्याकडे?"

"गिऱ्हाइकाचं मी सांगत नसतो. कुणाला सांगू नका म्हटलं असेल तर मुळीच नाही." पण घोडा त्याच्या हातातून सुटत नव्हता. "काम चांगलं आहे, एवढं सांगतो. मूळ रंगाला ओरखडा नाही बघा. असं काम करायला तीन आठवडे लागतात. एवढ्याशा बोळ्यानं, हलक्या हातानं. असं काम माणसाच्या हातून एकदा होतं."

"पाय धरून ठेवणारी आतली दोरी जुनीच आहे."

"ताठ आहे ना? मग सांधा उघडू नये. जे धड आहे त्याला हात लावायचा नाही, हा माझा नियम."

बर्थाने घोडा परत खोक्यात ठेवला. "खरंच चांगलं काम आहे," ती म्हणाली. परतीच्या वाटेवर ती एक अक्षर बोलली नाही, आणि लुथरला कळलं की तपास संपला. गेल्या दोन वर्षांत तपास संपल्यावर तिचं तोंड इतकं उतरलेलं त्याने पाहिलं नव्हतं.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी चौघं गेरहार्टांच्या स्वयंपाकघरात बसली. वर्नाने पाव आणि सफरचंदाचा मुरंबा ठेवला होता. कुणी घेतला नाही. घोडा टेबलाच्या मधोमध होता.

"सापडला का?" वर्नाने विचारलं.

"सापडला," बर्था म्हणाली. "पण मला क्रमानं सांगू द्या, नाहीतर तुमचा विश्वास बसणार नाही. आधी चोर घेऊ. घोड्यांतलं ज्याला कळतं, तो निळे पट्टे ओढलेला घोडा नेणार नाही. त्यांच्या हिशेबी तो मेलेला. ज्याला कळत नाही, त्याच्याकडे बदली ठेवायला असला दुर्मीळ घोडा येणार कुठून? म्हणजे चोर दोन्हीकडून बसत नाही."

"पण घोडा तर गेलाय."

"दुसरं. असे घोडे जगात आठच. सात चांगले, एक तुमचा. सातही आपापल्या कपाटात आहेत. मग हा कोणता? फेन्स्टरमाखर म्हणाले, नवाच निघाला. ते तुमचा मोजतच नाहीत, म्हणून त्यांना नवा घोडा लागतो. मी मोजला. मला आठच पुरतात."

लुथरने घोड्याकडे पाहिलं आणि खिशातला चष्मा चाचपला. वर्नाला अजून कळलं नव्हतं.

"तिसरं. याचा उजवा कान जुना, डावा नवा. डावाच का? मुलगी डाव्या कानाला धरून न्यायची. चौथं." बर्थाने घोडा उचलला, डावा मागचा पाय हळूच मागे वळवला आणि खिडकीच्या उजेडात धरला. "दाजींना हा मळ वाटला. आज चष्मा लावून बघा."

रेघ निळी होती.

"पाय सरळ उभे ठेवून तिनं रंगवलं. रंग ओला होता, एक ओघळ सांध्यात उतरला. आतली दोरी ताठ होती, म्हणून सांधा कुणी उघडला नाही. या खुर्चीच्या बुडाला हाच निळा आहे. वर्नाबाई, तुमचा घोडा कुठे गेलेला नाही. हाच तो."

वर्नाने सांध्यातल्या रेघेवर बोट ठेवलं.

"आणि पट्टे?" वर्ना म्हणाली.

"पुसले गेले."

वर्नाने मान वळवली, सावकाश, नवऱ्याकडे. "तू?"

"ऐका," बर्था म्हणाली. "जन्मभर घोडे गोळा करणाऱ्या माणसाच्या हाताशी मी असा घोडा ठेवला, जो अकरा वर्षं शोधून मिळत नाही. फेन्स्टरमाखरांनी तो उलटसुलट करून पाहिला. यांनी उचलूनसुद्धा पाहिला नाही. तेव्हाच मला कळलं की यांना तो ठाऊक आहे. राइनर्टच्या खिळ्यावर एक चिठ्ठी आहे, नाव नसलेली, सुताराच्या चपट्या पेन्सिलीनं लिहिलेली. आणखी एक शब्द, 'कान', असता तरी हे झालं नसतं. दोनच आहेत. पहिल्यासारखा कर."

एल्मरचा हात कानामागच्या पेन्सिलीकडे गेला आणि तिथेच राहिला.

"कान पडला होता," तो म्हणाला. दोन दिवसांतलं त्याचं पहिलं लांब बोलणं ते. "ऑगस्टात. मी धूळ पुसत होतो, धागा तुटला. म्हटलं, वाढदिवसाच्या आत लावून आणू, तुला कळायला नको. मी लिहिलं, पहिल्यासारखा कर. पहिल्यासारखा म्हणजे... ती असताना होता तसा." तो थांबला. "त्याला वाटलं, कारखान्यातून निघाला तसा. त्याचा काय दोष? आमच्यात पहिला म्हणजे तोच. मी दुसऱ्या कुणाची चिठ्ठी वाचली असती, तर मीही तेच समजलो असतो. खोका उघडला तर असा चकचकीत. तो माझ्या तोंडाकडे बघत होता, शाबासकी मिळेल म्हणून. मी दिली. घरी आणेपर्यंत तीनदा गाडी थांबवली रस्त्यात. वाढदिवसाच्या आदल्या रात्री कुठे कपाटात ठेवला."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"तू म्हणालीस, चोरी झाली. मी हो म्हटलं." त्याने कानामागची पेन्सिल काढून टेबलावर ठेवली. "वर्ना, चोर असता तर घोडा कुठेतरी असता."

लुथरला बायको गेली तो आठवडा आठवला. शेजारीण मदतीला आली होती, भली बाई, आणि तिने बायकोच्या उशीचा अभ्रा धुऊन, इस्त्री करून, घडी घालून ठेवला होता. त्याने तिचे आभार मानले होते. ही गोष्ट त्याने बर्थालासुद्धा कधी सांगितली नव्हती.

"लपवायचाच होता तर जाळायचास," वर्ना शेवटी म्हणाली. "परत कपाटात कशाला उभा केलास?"

"तिचा आहे तो. तिची जागा रिकामी कशी ठेवू?"

"तिची जागा? मागच्या रांगेत? लाज वाटायची म्हणून कोंबला होतास ना?"

"वर्नाबाई," बर्था म्हणाली, "पुढच्या रांगेतले घोडे बघा. खिडकीकडच्या बाजूनं सगळे विटलेत. मागच्या रांगेत ऊन पोचत नाही. महागडे घोडे उन्हात आणि तुमचा सावलीत, असं कपाट ज्यानं लावलं त्याला लाज वाटत नव्हती."

"निळा लवकर उडतो," एल्मर म्हणाला. "मला ठाऊक होतं."

तेव्हा वर्ना रडली. हुंदके देऊन नाही, टेबलावर दोन्ही हात पालथे ठेवून, एखाद्या थकलेल्या माणसासारखी. एल्मर तिच्यामागे येऊन उभा राहिला. कुठे हात ठेवावा हे त्याला समजत नव्हतं. मग त्याने तो तिच्या खांद्यावर ठेवला आणि म्हणाला, "आर्लीननं तेव्हा माझ्या विजारीलाही एक पट्टा ओढला होता." एकतीस वर्षांत पहिल्यांदाच त्याच्या तोंडून आलेलं ते नाव ऐकून वर्नाने मान वर केली.

बर्थाने लुथरला डोळ्याने खुणावलं. दोघं उठली.

"राइनर्टला काय सांगायचं?" दारात लुथरने विचारलं. "त्याला काहीच माहीत नाही."

वर्नाने डोळे पुसले, मुरंब्याची न उघडलेली बरणी फडताळातून काढली आणि त्याच्या हातात दिली. "हे द्या त्याला. म्हणावं, काम फार चांगलं झालंय." ओठ आवळून तिने पुढचं गिळलं. "दुसरं काही सांगू नका. पंच्याऐंशीचा आहे तो."

गाडीत बराच वेळ बरणी लुथरच्या मांडीवरच होती. किल्ली लावायची त्याला आठवण राहिली नव्हती.

"दाजी," बर्था हळूच म्हणाली, "चला. मी आज जेवायला येते तुमच्याकडे."

*

मार्चमध्ये लुथर एकदा त्या बाजूला गेला होता, म्हणून गेरहार्टांकडे डोकावला. घोडेवाल्यांची बैठक भरली होती. तपकिरी घोडा मागच्याच रांगेत होता, सावलीत, पण त्याचा डावा मागचा पाय मागे वळवलेला होता आणि सांध्यात केसाएवढी निळी रेघ दिसत होती. त्या एका जागेसमोर वर्ना खुर्ची टाकून विणत बसली होती.

फेन्स्टरमाखर आला, घोड्याकडे डोळे भरून पाहिलं, म्हणाला, "आठवा. आता मोजायला हवा हा," आणि जाता जाता सवयीने पाय सरळ करून गेला. वर्ना विणतच राहिली. पाहुणे निघून गेल्यावर एल्मर आला, कपाट उघडलं आणि दोन बोटांनी तो पाय पुन्हा मागे वळवून ठेवला.